वरच्या बाईंचं पाणी

सरांच्या चहात वरून पाण्याचा थेंब पडला. चहाबरोबर सरांनी तो गिळला आणि रागही गिळला. दुसरा थेंब वर्तमानपत्रावर पडला, अग्रलेखाच्या बरोबर मध्यावर. तिसरा टकलावर पडला आणि तिथून ओघळत कानात गेला. हा मात्र सरांनी सरळ अपमान म्हणूनच घेतला.

सर म्हणजे शाळेतले कवायतीचे सर. जन्मभर त्यांनी मैदानावर मुलांना शिट्टीवर उठवलं, बसवलं आणि पळवलं. ह्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले, आणि आजवर मैदानावर जाणारी दुपारची चारची वेळ बाल्कनीत येऊन पडली. शिट्टी गळ्यातच राहिली. ज्याच्या नाकावर कायम राग असतो अशा माणसाला निवृत्ती फार जड जाते. पूर्वी राग काढायला अख्खी शाळा होती, आता घरात बायको तेवढी उरली होती, आणि तीसुद्धा लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.

जाताना तिने दूध, गॅस, कुलूप ह्यांपैकी कशाबद्दलही काही बजावलं नव्हतं. बजावलं ते फक्त मोगऱ्याचं. तो मोगरा तिच्या आईच्या दारातल्या झाडाच्या फांदीपासून लावलेला होता. पुढे आई गेली, घर विकलं गेलं, दारातलं झाड नव्या मालकाने काढून टाकलं. माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते ह्या एका कुंडीत होतं.

"मी येईपर्यंत हा जगला पाहिजे," ती म्हणाली होती. "आणि कुंडी जागची हलवू नका. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

"करायचं काय त्यात? शिस्त लावीन त्याला. लाड करून ठेवलेत तू त्याचे."

सरांची शिस्त म्हणजे रोज सकाळी एक मग पाणी, एका दमात ओतलेलं. गोंजारणं नाही, पानं पुसणं नाही. आणि गंमत म्हणजे मोगरा खरोखरच कळ्यांनी भरला होता. सर फोनवर बायकोला तसं ऐकवतही होते. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढंच विचारायची, "कुंडी हलवली नाही ना?"

तर, कानातलं पाणी टॉवेलने पुसून सर जिना चढले.

वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांनी दार उघडलं तेव्हा गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत टाचण्या होत्या. सरांचं सगळं भाषण त्यांनी टाचण्या न काढता ऐकून घेतलं. मग एकेक टाचणी काढून मनगटावरच्या उशीत खोचली. सरांना त्यातली प्रत्येक स्वतःलाच टोचल्यासारखी वाटली.

"संपलं?" बाई म्हणाल्या.

"खाली माणसं राहतात, बाई."

"वर पण माणसंच राहतात. उन्हाळा आहे, झाडांना पाणी लागतं."

"मग झाडांना घाला ना. मला कशाला?"

"थेंबभर पाण्याने काय होतंय एवढं? पाणीच आहे, उकळतं तेल नाही."

"प्रश्न पाण्याचा नाही, शिस्तीचा आहे."

"ती शाळेत ठेवून यायची होती," असं म्हणून बाईंनी दार लावलं.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी चारला ते चहा घेऊन बसले, आणि पहिला थेंब पडताच त्यांनी शिट्टी फुंकली. फाऊल झाल्यावर फुंकतात तशी, लांब आणि कर्कश. वर शिवणयंत्र थांबलं. दुसरा थेंब, दुसरी शिट्टी. समोरच्या रस्त्यावर एक मोटार कचकन थांबली आणि आपलं काय चुकलं हे चालक खिडकीतून डोकं काढून शोधू लागला.

शिट्टीने बाईंचा हात दचकायचा आणि शिलाई वाकडी जायची. वाकडी शिलाई उसवायची म्हणजे गिऱ्हाइकाला उशीर, उशिराबद्दल गिऱ्हाइकाची बोलणी, आणि ती बोलणी ऐकली की बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अखेर एका दुपारी त्या बाजारात गेल्या आणि निळ्या प्लॅस्टिकच्या ताटल्या घेऊन आल्या. प्रत्येक कुंडीखाली एकेक ताटली ठेवली, ठेवताना मुद्दाम आपटली.

"आता पडला थेंब तर नाव बदलीन," त्या कठड्यावरून खाली ओरडल्या.

थेंब पडला नाही. सरांनी कोरडा चहा प्याला, कोरडं वर्तमानपत्र वाचलं आणि सामना जिंकल्यासारखी शिट्टी बाल्कनीतल्या खिळ्याला टांगून ठेवली. पुढचे काही दिवस त्यांना झोपही छान लागली. मोगऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते चहात एक वाळकी कळी पडली तेव्हा.

मोगऱ्याची पानं पिवळी पडली होती. कळ्या उमलायच्या आधीच वाळत होत्या. सरांना त्याचाही रागच आला. "नाटकं करू नकोस," त्यांनी कुंडीला दटावलं आणि दुसऱ्या दिवशी शिस्त वाढवली, म्हणजे एकाच्या जागी दोन मग ओतले. पानं आणखी गळली. तिसऱ्या दिवशी फांद्यांची टोकं माना टाकून लोंबू लागली, आणि सर पहिल्यांदाच घाबरले. आईचं घर गेलं तेव्हा बायको रडली नव्हती. ही कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून उतरली होती आणि सरळ बाल्कनीत गेली होती. ते सरांना आता आठवलं.

तेवढ्यात नेमका तिचा फोन आला.

"मोगरा कसा आहे?"

"ठीक. शिस्तीत आहे."

"फुलला?"

"फुलतोय," सर म्हणाले आणि पायाखालचा पाचोळा चपलेने सारला.

घाबरलेल्या माणसाला मग पुरत नाही. सरांनी भरलेली बादली आणली आणि एका दमात कुंडीत रिकामी केली. पण माती इतकी सुकली होती की तिने कुंडीची कड सोडली होती. बादलीभर पाणी त्या फटीतून सुर्रकन खाली गेलं, कुंडीच्या भोकातून बाहेर आलं, बाल्कनीच्या पन्हाळीतून धो धो कोसळलं, आणि तळमजल्यावरच्या वकिलांनी अंगणात वाळत टाकलेल्या कोटावर पडलं. कुंडीतली माती बोटभर खोदून पाहिली तर आत कोरडी ठणठणीत.

वकील वर आले. कोट हातावर होता आणि त्यातून पाणी टपकत होतं.

"सर, खाली माणसं राहतात," ते म्हणाले.

"थेंबभर पाण्याने काय होतं हो," सरांच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं.

आता बादली बंद. सावकाश पाणी घालावं म्हणून सर चमचा घेऊन बसले, पण सावकाश हा प्रकार त्यांच्या हाताला माहीतच नव्हता. तिसऱ्या चमच्याला ते चिडले आणि चौथ्याला चमचा फेकून दिला. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला भोक पाडलं आणि ती कपड्यांच्या दोरीला उलटी टांगली. भोक लहान पडलं म्हणून पाणी येईना. मोठं केलं तर धार लागली. चरफडत सरांनी बाटलीला हिसका दिला, गाठ सुटली आणि बाटली कठड्यावरून तळमजल्याला गेली.

"पुढच्या वेळी बादलीच टाका," वकील खालून म्हणाले. "म्हणजे एकदाचं मिटेल."

सर कुंडीशेजारी खाली बसले. रागाने, लाजेने आणि भीतीने त्यांना काही सुचेना. आणि बसल्यामुळेच त्यांना ते दिसलं. मोगऱ्याच्या बुंध्याजवळ मातीत एक वाटोळा खळगा होता, वरची माती धुऊन जाऊन बारीक खडे उघडे पडलेले. पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी पडत राहिलं की पडतो तसा. सरांनी खळग्याकडे पाहिलं, मग मान वर करून पाहिलं. बरोबर वर बाईंच्या बाल्कनीची कड होती आणि कडेवर जास्वंदीची कुंडी. जास्वंदीखाली निळी ताटली.

म्हणजे मोगरा सरांच्या मगावर जगलाच नव्हता. तो जगला होता बाईंच्या जास्वंदीतून टिपटिप गळणाऱ्या पाण्यावर. शिस्तीचा काडीचा संबंध नव्हता. सर उठले, आत गेले, भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि मग पुन्हा जिना चढले.

"आता काय?" बाईंनी विचारलं. ह्या वेळी टाचण्या हातात होत्या, म्हणजे उत्तर लगेच मिळणार होतं.

पाणी पाडा, असं सर म्हणू शकले असते. ती विनंती त्यांच्या ओठांपर्यंत आलीही. पण एवढ्या शिट्ट्या फुंकल्यावर ते शब्द बाहेर पडेनात, आणि बाहेर पडलं ते नेहमीचंच.

"ह्या ताटल्या काढा. साठलेल्या पाण्यात डास होतात. मला रात्रभर चावतायत."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "पाणी पडलं तर शिट्टी. पडत नाही तर डास. सर, तुमचं नेमकं दुखतंय कुठे?"

"नियम म्हणजे नियम."

"नियम?" बाईंचा आवाज टिपेला गेला. त्या तरातरा बाल्कनीत गेल्या, ताटल्या ओढून काढल्या आणि सगळ्या सरांच्या हातात कोंबल्या. "घ्या तुमचा नियम. आणि आता पाणी पडलं म्हणून वर आलात तर बघाच. मी घालणार. हवं तेवढं घालणार."

"मी शिट्टी मारीन."

"मारा."

सर ताटल्यांची चळत घेऊन जिना उतरले. बाहेरून ते रागावलेले दिसत होते आणि आतून त्यांना उड्या माराव्याशा वाटत होत्या. चारला टिपटिप सुरू झाली. पहिला थेंब खळग्यात पडला. सरांनी खिळ्यावरची शिट्टी काढली आणि जीव तोडून फुंकली. लगेच वरून आणखी एक मग जास्वंदीत रिता झाल्याचा आवाज आला.

मग हे रोजचंच झालं. शिट्टी जितकी मोठी, तितकं पाणी जास्त. सर छत्री उघडून तिच्याखाली चहा पीत आणि मधूनमधून चिडल्यासारखं ओरडत. पाणी कमी वाटलं तर "काय चाललंय काय हे," असं जरा चढ्या आवाजात म्हणत. मोगऱ्याने नवी पानं काढली, मग बारीक कळ्या धरल्या. बायको येण्याच्या बेताला तो असा भरला की सर दिवसातून कितीदा तरी उगाचच बाल्कनीत जाऊन येत.

अशात एका सकाळी बाई खाली आल्या. हातात पिशवी होती आणि चेहरा तापलेला.

"मी बहिणीकडे चाललेय. दोन दिवस. ही किल्ली."

"माझ्याकडे?" सर दचकले.

"मग कोणाकडे? इमारतीत माझ्या झाडांवर दुसऱ्या कोणाचं एवढं लक्ष आहे? मी किती पाणी घालते, कधी घालते, कुठल्या कुंडीला घालते, सगळं तुम्हालाच पाठ. आणि थेंब सांडला तर मारा स्वतःच्याच नावाने शिट्टी."

सर काही बोलायच्या आत त्या निघूनही गेल्या. किल्लीकडे पाहून सर बराच वेळ चडफडले. पण दोन दिवस टिपटिप बंद म्हणजे काय, हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. पहिल्या दुपारी ते गेले. दुसऱ्या दुपारीही बरोबर चारला बादली आणि मग घेऊन बाईंच्या बाल्कनीत उभे राहिले. बायको उद्या यायची होती. मोगऱ्यात काही कमी राहू नये म्हणून त्यांनी जास्वंदीत एक मग ओतला, मग दुसरा ओतला.

तोच खालून शिट्टी वाजली.

सरांच्या हातातून मग निसटता निसटता राहिला. शिट्टी त्यांचीच होती, आवाज त्यांनी शंभरांत ओळखला असता. त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली त्यांच्या खुर्चीवर बायको बसली होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात शिट्टी, आणि चष्म्याच्या काचेवर पाण्याचा थेंब.

"तू उद्या येणार होतीस ना?"

"जावयाला रजा मिळाली. म्हटलं, मोगरा बघावा." तिने कळ्यांवरून बोट फिरवलं. "छान ठेवलात हो."

"शिस्त," सर वरून म्हणाले. हातात मग होता, तो त्यांनी पाठीमागे लपवला.

"ते दिसतंय. जास्वंदीला आणखी थोडं घाला. खळगा अजून नीट भिजला नाहीये."

सर थिजले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"कुंडी तिथे कोणी ठेवली होती? हलवू नका म्हणून कोण सांगत होतं?"

"अगं, मग तेव्हाच सांगायचं ना सरळ."

"सांगितलं असतं तर तुम्ही वर जाऊन भांडला असता."

खरं तर ह्यावर सरांना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधूनही पाहिला, पण आज तोही जागेवर नव्हता. खाली बायकोने चहाचा कप थेंबांच्या वाटेतून जरा बाजूला सरकवला, मोगऱ्यावरचं एक पिवळं पान खुडलं आणि वर पाहिलं. सर अजून तसेच उभे होते.

तिने शिट्टी तोंडाला लावली आणि एकदा फुंकली. सरांनी मुकाट्याने बादलीत मग बुडवला आणि जास्वंदीत सावकाश पाणी घालायला सुरुवात केली.