पाटकऱ्याचा माईक

रंगनाथ पाटकरी टॅबवरच्या त्या खेळात रिकाम्या हवेत कुऱ्हाड मारायचा. समोर रानडुक्कर नाही, राक्षस नाही, साधं झुडूपही नाही; तरी याची कुऱ्हाड वर जायची आणि खाली यायची. हा किस्सा मी कट्ट्यावर, लग्नात, एसटीत, जिथे ऐकणारा भेटला तिथे सांगितला आहे आणि हशा मिळवला आहे. त्याच्या पुढचं सांगायचं मात्र मी वर्षानुवर्षं टाळलं. रंगनाथबद्दल आमच्या देवळाली प्रवऱ्यात एक गोष्ट सगळे खरी मानतात. ती खोटी आहे आणि ती मी पसरवली आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

रंगनाथ पाटबंधारे खात्यात पाटकरी होता आणि मी त्याच सेक्शनमध्ये कारकून. नोकरी संपली तरी तो मला 'कारकून' अशीच हाक मारायचा. कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की चारीच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, कडेने सायकल घेऊन फिरायचं आणि कोणी पाळी नसताना शेतात पाणी घ्यायची मोरी उघडली की ओरडायचं, हे त्याचं काम. "ए वरच्या! मोरी पाड! खालचा उपाशी हाय!" हा आवाज असा जायचा, की पलीकडच्या चारीवर नियमाने पाणी घेणारा माणूससुद्धा घाबरून आपली मोरी पाडून पाणी बंद करायचा.

पाणी वाटायची पद्धत अशी, की चारीच्या शेवटच्या शेताला आधी पाणी द्यायचं आणि मग एकेक करत वर यायचं. त्या शेवटच्या शेताला आम्ही टेल म्हणतो आणि पहिल्याला हेड. वरच्याला आधी दिलं तर टेलपर्यंत काही उरत नाही. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. रंगनाथ तो पाळायचा, एवढाच त्याचा विक्षिप्तपणा. पुढे तो अंगातच भिनला. जेवणाची पंगत असो, की देवळातला प्रसाद, हा विचारणार, "टेल भिजलं का?" स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्याने व्याह्यांना रिकाम्या ताटावर बसवून ठेवलं आणि जिलबी आधी मांडवाच्या टोकाला बसलेल्या वाजंत्र्यांना वाढली. व्याही फुगले. रंगनाथ त्यांना म्हणाला, "तुमी हेडला हाय ना पाव्हणं? मग कशाला घाबरता? तुमच्यापरेंत येतंच."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्याच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला पांढरा रुमाल आला आणि हातात मोबाईल, त्यावर एका बोटाने टाइप करून दाखवायचं. आवाज गेला की माणसाचे कानही गेले असं लोक का समजतात, मला ठाऊक नाही. पण कट्ट्यावर जो तो त्याच्याशी ओरडून बोलायचा. तो टाइप करेपर्यंत कोणाला दम नसायचा. त्याचं वाक्य दुसराच कोणी पुरं करायचा, आणि ते चुकीचं असलं तरी रंगनाथ मान हलवायचा. मग त्याने कट्ट्यावर येणंच सोडलं. घरात बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारायची तर टाळी वाजवायचा. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "टाळी वाजली की वाटतं, कोंबड्याच हाकताहेत."

खेळ मी आणला. माझा जावई सुट्टीला आला होता, त्याने माझ्या टॅबवर तो टाकून दिला. जगभरची माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक राज्यात शिरून लढाया करतात, असा तो खेळ. मी रंगनाथला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिलं आणि टाइप केलं, "इथं कुणी बोलत न्हाई?" मी म्हणालो, "लिहून बोलतात." दुसऱ्याच दिवशी तो स्वतःचा नवा टॅब घेऊन माझ्या दारात हजर.

सुरुवातीला आपलं पात्र बनवावं लागतं. लांब कानाचे, सुळे असलेले, पंखवाले असे बरेच प्रकार. मी पाच मिनिटांत साधा माणूस घेतला, त्याला जखमा बऱ्या करायची विद्या दिली आणि नाव ठेवलं 'कारकून'. रंगनाथने ठेंगू निवडला: कमरेपर्यंत दाढी आणि हातात कुऱ्हाड. नाव 'पाटकरी'. इथवर ठीक होतं. मग पडद्यावर आलं, 'आवाज निवडा'. घाव घालताना पात्र जी आरोळी देतं, तिचे नमुने होते. रंगनाथ तिथे अडकला. एकेक आरोळी लावायची, ऐकायची, परत पहिल्यापासून. शेवटी टॅब उचलून घरी नेला, म्हणून मीही मागे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो वहिनींना आरोळ्या ऐकवत होता. वहिनींचे हात पिठाचे.

"ह्यो न्हाई. ह्यो तर तलाठ्यावानी किरकिरतो."

दुसरी.

"ह्यो कोण, बँडवाला?"

तिसरी, चौथी. मग एका आरोळीला वहिनींनी लाटणं थांबवलं. "ह्यो घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यो पार मोरीवरनं ऐकू यील."

बाहुल्याला आवाज निवडायला बायकोची मंजुरी! मी हसून हसून बेजार झालो. हाही किस्सा मी पुढे खूप चालवला.

नव्या खेळाडूला पहिलं काम मिळतं ते रानडुकरं मारायचं. आम्हा दोघांना ते पटलं. आमच्या भागात रानडुकरांनी मक्याचं काय केलंय ते आम्ही पाहिलेलं. पण त्या माळावर डुकरं थोडी आणि नवे खेळाडू भाराभर. डुक्कर उगवायचा अवकाश, की दहा जण तुटून पडत. आधीच तयार झालेला कोणी येऊन सगळी डुकरं एका घावात घेऊन जाई. नवे बिचारे बघत उभे.

रंगनाथने एका संध्याकाळी तिथे शेजपाळी, म्हणजे चारीवरची ती पाळीची रांग, सुरू केली. तो माळावर मधोमध उभा राहिला आणि लिहू लागला, "रांगेनं या. शेवटी आला त्याला आधी. वरच्यांनी हात लावायचा न्हाई." मराठी वाचणारे दहात दोन असतील. पण जो मध्ये घुसे, त्याच्यासमोर हा ठेंगू जाऊन उभा राही आणि कुऱ्हाड उगारून आरोळी देई. हळूहळू लोकांना कळलं. परदेशातली माणसं देवळाली प्रवऱ्याच्या चारीचा नियम पाळून डुकरं मारू लागली. मी त्याला म्हणायचो, "अरे, पुढे चल, पुढे ड्रॅगन आहेत." तो लिहायचा, "टेल कोरडं हाय." मधूनच समोर काही नसताना कुऱ्हाड हाणायचा; कशाला, ते न विचारता मी हसायचो.

या माळावरच आम्हाला टोळी मिळाली. बार्शीचा एक मोबाईल दुरुस्त करणारा तिचा म्होरक्या होता. रंगनाथ त्याला मुकादम म्हणू लागला, कारण आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळीला मुकादमच असतो. दुसरी होती नाशिकची एक नर्स, ड्यूटी संपवून यायची आणि भयंकर लढायची. त्यांना डुकरांची रांग लावणारा हा ठेंगू आवडला. त्याचं वय त्यांना माहीत नव्हतं. आपल्याच वयाचा कोणी तिरपागडा पोरगा असेल, असंच ती दोघं समजत होती.

टोळीत मात्र लिहून चालत नसे. लढताना सगळे कानाला हेडफोन लावून बोलत. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, "पाटकरी, माईक लाव की."

रंगनाथने लिहिलं, "माईक बिघडलाय. राहुरीला दुरुस्तीला दिलाय."

तो माईक राहुरीला गेला तो गेलाच. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मुकादम म्हणायचा, "कोण रं तो दुकानदार? मला पाठव, मी करतो की फुकटात." रंगनाथ लिहायचा, "वॉरंटीत हाय. उघडता येत न्हाई." नर्स म्हणायची, "तुझ्या माईकला सलाईन लावलंय का तिथं?"

आणि ते त्याला शिव्या द्यायचे. "अय पाटकऱ्या, झोपला का? डावीकडं बघ की, आंधळ्या!" पहिली शिवी बसली त्या संध्याकाळी रंगनाथ चालत माझ्या घरी आला. चेहरा नुसता फुललेला. मोबाईलवर लिहून दाखवलं, "मुकादमानं मला गाढव म्हनलं." ऑपरेशननंतर त्याच्याशी कोणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. मी ते वाचून हसलो. समजलो मात्र नाही.

आता जे सांगायचं ते सांगतो.

टोळीत माझं काही नाव नव्हतं. मी मागे उभा राहून जखमा बऱ्या करायचो. माझा माईक चालू होता, मी बोलायचो, पण मी बोललो की कोणी हुंकारही देत नसे. रंगनाथच्या एका मोडक्या ओळीवर मात्र सगळे खिदळायचे. मला ते लागत होतं, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

एका रविवारी आम्ही मोठ्या ड्रॅगनवर गेलो. रंगनाथ पुढे होता. ड्रॅगन मागून आग टाकणार हे त्याला दिसलं, पण सांगायला त्याला टाइप करावं लागलं. त्याचं "मागं बघा" उमटेपर्यंत आम्ही सगळे मेलेलो होतो. मुकादम भडकला. "लई शहाणा झालास व्हय रं? एक माईक घेता येत न्हाई? मुद्दाम करतोस तू!"

रंगनाथ लिहीत होता. त्याची ओळ यायची होती. त्याने काहीतरी खोटं शोधलंच असतं, मुकादमाने आणखी एक शिवी घातली असती आणि आम्ही परत ड्रॅगनवर गेलो असतो.

मी माईकवर म्हणालो, "अहो, त्याला बोलता येत नाही. गळ्याचं ऑपरेशन झालंय त्याच्या. सत्तरीचा माणूस आहे तो."

त्याची बाजू घेतली, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. पण बोलताना मला बरं वाटलं होतं, हे मला आठवतं. पहिल्यांदाच सगळी टोळी माझं ऐकत होती.

मग नर्स म्हणाली, "सॉरी काका." मुकादम म्हणाला, "माफ करा काका. म्हाईत नव्हतं." तो आता 'तुम्ही' म्हणत होता, आणि हळूहळू, मोठ्याने बोलत होता. आमच्या कट्ट्यासारखा.

रंगनाथची ती ओळ आलीच नाही. नवीन आली: "ठीक."

पुढे त्याला कोणी गाढव म्हणालं नाही. "काका, तुमी मागं थांबा, आमी मारतो." "काका, हात दुखत असेल तर राहू द्या." त्याला तलवारी दिल्या, चिलखत दिलं, त्याची ओळ येईपर्यंत सगळी टोळी ताटकळत उभी राहू लागली. माणसं चांगली होती. आठवड्याभरात तो टोळीत यायचा बंद झाला.

मुकादमाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, डॉक्टरांनी डोळ्यांसाठी बंद करायला सांगितलंय. तेच गावात सांगितलं: खेळापायी रंगनाथचे डोळे जाणार होते, थोडक्यात वाचले. आजही आमच्याकडे मुलांच्या हातातला मोबाईल काढून घेताना रंगनाथ पाटकऱ्याचं उदाहरण देतात. त्याचे डोळे शेवटपर्यंत स्वच्छ होते. कोणी त्याला विचारलं, "काय तात्या, डोळं कसं हाय?" की तो माझ्याकडे एकदा बघायचा आणि मान हलवायचा. नर्सने माझ्याकडे डोळ्यांच्या थेंबांचं नाव सांगून पाठवलं, तर त्याने ते थेंब आणून खिडकीत ठेवले. माझं खोटं त्याने त्याच्या घरात उभं केलं.

मी त्याच्याकडे जात राहिलो. दर वेळी जाताना माफीचं एक वाक्य घोकून जायचो. वहिनी चहा द्यायच्या, आम्ही पावसावर, उसाच्या तोडीवर बोलायचो, म्हणजे मी बोलायचो, आणि मी तसाच परत यायचो. गेल्या वर्षी तो झोपेतच गेला.

दहाव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. समोर टॅब ठेवला. "भाऊजी, ह्ये तुमी न्या. मला उघडत न्हाई. पन न्यायच्या आधी येकदा वरडायला लावा."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी, दुपारी, चहा हवा झाला की ह्ये त्यातनं वरडायचे. खोलीतनं. मी म्हनायची, आले, आले, गाव गोळा करू नका. खेळ सोडला तरी तेवढं काय सोडलं न्हाई."

मी खेळ उघडला. ठेंगू टोळीच्या गावात नव्हता, डुकरांच्या माळावरही नव्हता. राज्याच्या पार टोकाला, जिथे कोणीच जात नाही अशा एका उघड्या टेकडीवर तो एकटा उभा होता. समोर काही नव्हतं. मी बटण दाबलं. कुऱ्हाड वर गेली, खाली आली आणि आरोळी उठली.

वहिनी तोवर स्वयंपाकघरात गेल्या होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "आले, आले!" मग भांड्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने त्या चहाचे दोन कप घेऊन बाहेर आल्या. एक माझ्यापुढे ठेवला.

"तुमी त्यांला ह्यो खेळ दिला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "लई उपकार झाले तुमचे."

त्यांना तरी सांगावं म्हणून मी कप खाली ठेवला. वाक्य पाठच होतं. "वहिनी," मी म्हणालो. त्यांनी वर पाहिलं. मी म्हणालो, "साखर बरोबर झालीय."

रंगनाथ, टोळीला ते सांगायचा हक्क माझा नव्हता. चुकलं माझं.