सोपान मिस्त्रींचं मागे जाणं

सोपान मिस्त्री आमच्या दारावरून चुकून चार पावलं पुढे गेले, तर चार पावलं मागे येत नाहीत. थेट घोटावड्याच्या फाट्यापर्यंत परत जातात आणि तिथून पुन्हा चालत येतात. बायको चहा गाळून विचारते, "आले का हो मिस्त्री?" मी म्हणतो, "आले होते. आता पुन्हा यायचेत."

माणूस वेडा नाही. डिझेल इंजिनाच्या पंपाचं टायमिंग लावावं तर त्यांनीच. नव्या गाड्यांना कॉम्प्युटर असतो म्हणे. माझ्यासारख्यांचे जुने ट्रक अजून त्यांच्याच दारात उभे राहतात. काम दोघांचं. एकाने टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून इंजिनाचं चाक इंच-इंच फिरवायचं. मिस्त्री पंपाच्या नळीला डोळा लावून बसणार. डिझेलची धार तुटून थेंब झाला आणि थेंबही थांबला, की चाक तिथेच रोखायचं. केसभर पुढे गेलं तर केसभर मागे घेऊन भागत नाही. गिअरच्या दात्यांत जरा फट असते, त्यामुळे चाक मागे येतं पण पंप जागचा हलत नाही. म्हणून चांगलं लांब मागे जायचं आणि पुन्हा हळूहळू यायचं.

"थोडं मागं घेतलं की इंजिन फसवतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते इंजिनापुरतं ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं!

एकदा रिहे गावात एक म्हातारे वारले म्हणून आम्ही दोघं भेटायला गेलो. मिस्त्रींनी गेलेल्यांऐवजी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. "लई देवमाणूस हुता वो!" भाऊ समोरच बसलेला. चूक ध्यानात आल्यावर दुसरा कोणी जीभ चावून गप्प बसला असता. मिस्त्री उठले, बाहेर गेले, चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि आत येऊन पहिल्यापासून हळहळले. त्या भावानेच त्यांना पाणी दिलं.

तर परवा माझा ट्रक चढाला काळा धूर ओकायला लागला. मिस्त्री म्हणाले, टायमिंग हललंय. टॉमी माझ्या हातात आली.

"हळू, दत्ता."

"हळूच फिरवतोय की."

"गेलं पुढं! जा मागं."

सातव्यांदा मागे जायला सांगितलं तेव्हा मी टॉमी खाली टाकली. "मिस्त्री, मी माणूस हाय, घाण्याचा बैल न्हाई!"

मला वाटलं, आता शिव्या पडणार. ते नुसते हात पुसत म्हणाले, "सुमनचा हात असता तर एका फेरीत झालं असतं."

सुमन त्यांची एकुलती एक लेक. कासार आंबोलीत दिलेली. लग्नानंतरही ती बापाच्या मदतीला यायची. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींनी "थांब, लागलं टायमिंग" म्हटल्यावर ती वाकून म्हणाली, "आबा, थेंब अजून पडतुया." चार गिऱ्हाइकं फिसकन हसली. मिस्त्री ओशाळले आणि बोलून गेले, "बाईमाणसाला काय कळतंय यातलं?" ती टॉमी ठेवून जी गेली ती परत आली नाही.

"आंबे धाडले. दिवाळीला साडी धाडली. साडी परत आली," मिस्त्री सांगत होते. "पोर बोलंना, दत्ता. लई जड जातंय रं." त्यांचे डोळे भरले होते. मला भडभडून आलं आणि रागही आला.

"मग आंबे कसले धाडता? हे थोडंच मागं घेणं झालं की!"

मिस्त्रींनी हात पुसायचं फडकं फेकलं. मग माझा ट्रक तसाच उघडा टाकून त्यांनी मला मोटारसायकल काढायला लावली.

कासार आंबोलीला पोचलो तर सुमन दारात आली. "या," म्हणाली, पुढे काही नाही. ओट्यावर जावई होता, दोन शेजारी होते. आत सासू तांदूळ निवडत होती. मिस्त्री बसले नाहीत. उभ्यानेच सुरू झाले, "तू झालीस तवा मी दवाखान्याच्या पायरीवर बसलेलो..." मी कपाळाला हात लावला. सुमनचा गोवर झाला, शाळेचा पहिला दिवस झाला, पहिल्यांदा टॉमी धरली तो दिवस झाला. जावयाने तीनदा घड्याळ बघितलं. सुमन उंबऱ्याकडे बघत ऐकत होती.

"मग त्या दिशी चार माणसं हुती. तू म्हणालीस, थेंब पडतुया..." इथे मिस्त्री अडले.

"ऱ्हाऊ द्या, आबा. पुढचं नका सांगू," सुमन म्हणाली.

"न्हाई. थेंब पडतच हुता. तुजं बराबर हुतं, मी चुकलो. तुज्यावानी हात कुणाचाच न्हाई. माजाबी न्हाई."

सुमनने डोळ्यांना पदर लावला. मग नाक ओढत म्हणाली, "मोठ्यानं बोला. आत सासूबाईंना ऐकू गेलं न्हाई."

मिस्त्री तेच पुन्हा ओरडून बोलले. मध्येच आवाज फाटला, तरी त्यांनी वाक्य पुरं केलं.