व्हाया फ्रँकफर्ट

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावी, नव्या घरी आम्ही सामान उतरवत होतो. सोफ्याचं एक टोक ट्रकच्या फळीवर आणि दुसरं माझ्या छातीवर होतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "मला सांगा, जर्मनीतलं सगळ्यात श्रीमंत शहर कोणतं?"

"बर्लिन," मी म्हणालो. छातीवर सोफा असताना माणूस विचार तरी किती करणार?

मान वळवून पाहिलं तर एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, हाफ पँट, पायात मोजे, मोज्यांवर चपला, आणि चेहऱ्यावर अपार आनंद. "सगळे हेच म्हणतात," ते म्हणाले. "राजधानी आहे म्हणून श्रीमंत? अहो, आमचं नागपूर पण राजधानी आहे. हिवाळ्यात." मग त्यांनी हात पुढे केला. "वऱ्हाडपांडे. सुधाकर. समोरचं घर. काही उचलायचं असेल तर हाक मारा." तोवर सोफा घरात गेला होता.

ऑफिसातले अमेरिकन त्यांना 'मिस्टर पँडी' म्हणतात. वऱ्हाडपांडे हे आडनाव उच्चारायला जिभेला नागपूरचंच पाणी लागतं. आम्ही सगळे सुधाकरराव म्हणतो. धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली चूक काढायचा पगार घेणारे. पण घराबाहेर पाऊल टाकलं की त्यांचा एकच विषय, जर्मनीतली श्रीमंत शहरं आणि त्यांच्या श्रीमंतीमागचे धंदे. गंमत म्हणजे जर्मनीत त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही.

"गावात बनतं काय, ते बघा," हे त्यांचं पालुपद. "बाकी सगळं नंतर."

या एका मापाने ते जग मोजतात. वोल्फ्सबुर्गला मोटारी बनतात, इंगोलश्टाटला मोटारी, श्टुटगार्टला मोटारी आणि त्या मोटारी बनवायची यंत्रंही. श्वाइनफुर्टला बेअरिंगा, झोलिंगेनला सुऱ्या, येनाला भिंगं. हॅम्बुर्गला बंदर. "आणि अल्फारेटात?" मी एकदा विचारलं. त्यांनी आमच्या गल्लीकडे एकवार नजर फिरवली. "मीटिंगा," ते म्हणाले.

माणसांनाही त्यांनी गावं वाटून दिली होती. आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार म्हणजे फ्रँकफर्ट. "स्वतः काही बनवत नाही, पण सगळ्यांचा पैसा त्याच्याचकडून जातो." चारचौघांत बोलता बोलता माणूस कापणाऱ्या एक बाई होत्या, त्या अर्थातच झोलिंगेन. मी पुण्याचा आहे हे कळल्यावर त्यांनी मला पळभरही न थांबता म्युनिक दिलं. मी सुखावलो. "सगळं आहे हो तिथे," ते म्हणाले, "फक्त ते आहे म्हणून दिवसभर सांगत बसतात."

गणेशोत्सवात त्यांनी मंडळाकडे व्याख्यानाला वेळ मागितला. कमिटीने बरीच टाळाटाळ करून शेवटी त्यांना पोरांचं लेझीम आणि महाप्रसाद यांच्या मधली दहा मिनिटं दिली. ही वेळ ज्याला मिळते त्याचं भाषण कुणी ऐकत नाही, हे मंडळात सर्वांना ठाऊक असतं. सुधाकरराव मात्र टाय लावून आले.

"वोल्फ्सबुर्ग एवढं श्रीमंत कसं?" त्यांनी सुरुवात केली. "तर दिवसा हजारो लोक बाहेरगावाहून कारखान्यात येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. माल बनतो इथे, माणसं मोजली जातात तिथे. भागाकार केला की गाव गर्भश्रीमंत." इथवर ठीक होतं. पण पुढे ते प्रत्येक गावाला अशी काही नावं ठेवायला लागले की कुणाला काही कळेना. वोल्फ्सबुर्ग एकाच धंद्यावर उभं, धंदा बसला तर माणसाने जायचं कुठे? लुडविग्सहाफेनला केमिकलचा केवढा कारखाना, पण दमा असलेल्याने तिथे राहावं का? म्युनिकला सगळं उत्तम, पण नव्या माणसाला खोली मिळते का? हॅम्बुर्गला थंडी बोचरी आणि वारा त्याहून. उद्योगधंद्यांच्या व्याख्यानात दमा आणि खोलीभाडं कुठून आलं, असं माझ्या शेजारचे गृहस्थ पुटपुटले. तेवढ्यात मसालेभाताचं झाकण उघडलं. अख्खा हॉल उठून रांगेला लागला. सुधाकररावांनी माईक सोडला नाही. आम्ही वाढून घेतलं, बसलो, जेवलो, आणि पार्श्वभूमीला श्टुटगार्टच्या टेकड्यांवरचे द्राक्षमळे चालूच होते.

त्यांची दुसरी खोड तिकिटांची. कुणी भारतात निघालं की आपण विचारतो, किती दिवस, कुणाचं लग्न. सुधाकरराव विचारतात, "व्हाया कुठून?" दुबई किंवा दोहा म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. फ्रँकफर्ट म्हटलं की ते जवळ सरकतात आणि आवाज खाली आणून पुढचा प्रश्न टाकतात, "पासपोर्ट कोणता?"

हे विचारण्यामागे एक इतिहास होता. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतले कुळकर्णी फ्रँकफर्टमार्गे निघाले तेव्हा सुधाकररावांनी त्यांच्याकडे खाऊचा डबा दिला. जर्मनीत त्यांची लेक सायली असते, ती विमानतळावर येऊन घेऊन जाईल, असं ठरलं. आपल्याकडे ही पद्धतच आहे. कुणी कुठेही निघो, त्याच्या बॅगेत दुसऱ्याच्या लेकराचा डबा असतोच. पण भारतीय पासपोर्टवर तिथला व्हिसा नसेल तर विमानतळाच्या बाहेर पडता येत नाही, हे ना कुळकर्ण्यांच्या लक्षात आलं, ना आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या सुधाकररावांच्या. आत कुळकर्णी, बाहेर सायली, मध्ये काच आणि पोलीस. दोघं तासभर फोनवर बोलले. तिने "काका, तुम्हीच खा" म्हणून सांगितलं, आणि कुळकर्ण्यांनी ते मनावर घेतलं. नागपुरी पोह्यांचा चिवडा फार छान झाला होता, असं त्यांनी परत आल्यावर स्वतःच सांगितलं. सुधाकरराव त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

हे सगळं मला सुधाकररावांच्या बायकोने, नीलाताईंनी, सांगितलं. आमच्याकडे पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, झाल्यावर त्या आणि मी भांडी पुसत होतो आणि बाहेरच्या खोलीत सुधाकरराव नव्या आलेल्या एका जोडप्याला 'सगळ्यात श्रीमंत शहर कोणतं' विचारत होते.

"तुम्हाला हसू येतं ना यांचं?" नीलाताई म्हणाल्या. "येऊ द्या. मलाही येतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सायली तीन वर्षांची असताना हे इथे आले. ग्रीन कार्डाची रांग एवढी लांब की पोरगी एकवीसची झाली तरी नंबर लागला नाही. एकविसाव्या वर्षी आईवडिलांच्या व्हिसावरून नाव उतरतं. कॉलेजच्या व्हिसावर थोडे दिवस निघाले, नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत तिचं नाव आलं नाही. ज्या गावात लहानाची मोठी झाली त्या गावातून तिला जाणं भाग होतं. जर्मनीत शिक्षणाची फी परवडण्यासारखी, म्हणून तिकडे जायचं ठरलं. पण जर्मनीत कुठे?

"मग हे बसले अभ्यासाला," नीलाताई म्हणाल्या. "कोणत्या गावात काय बनतं, पोरीला नोकरी कुठे लागेल, लागली तर टिकेल का. वोल्फ्सबुर्ग नको, एकच कारखाना. लुडविग्सहाफेन नको, तिला लहानपणी दमा होता. म्युनिकला भाडं झेपायचं नाही. शेवटी तीन गावं काढली, त्यात पहिलं एरलांगेन. तिथे दवाखान्यातली मशिनं बनतात आणि आजारी माणसं काही संपून नाही राहिली." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "पोरगी गेली. यांचा अभ्यास काही थांबला नाही."

बाहेर सुधाकरराव म्हणत होते, "बर्लिन? सगळे हेच म्हणतात."

मला मंडळातलं ते व्याख्यान आठवलं आणि मसालेभात दुसऱ्यांदा वाढून घेतल्याची लाज वाटली.

सुधाकररावांना आणि नीलाताईंना स्वतः जाता येत नव्हतं. पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का केव्हाच संपलेला. देशाबाहेर पडलं तर नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येणार नाही, तो कधी मिळेल याची खात्री नाही, आणि नोकरी, घर, रांगेतली जागा सगळं इथे. सायलीला पाहुणी म्हणून यायचा व्हिसा मिळेना. आईबाप इथेच आहेत म्हटल्यावर ही परत जाईल कशावरून, असा प्रश्न येई. चार वर्षं झाली होती. आईबापांनी लेकीला आणि लेकीने आईबापांना प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं.

त्यानंतर माझी आणि मेधाची, म्हणजे माझ्या बायकोची, सिटिझनशिप झाली. यात माझं कर्तृत्व शून्य. मेधाचे वडील मस्कतला नोकरीला होते आणि माझ्या सासूबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी न जाता तिथेच राहिल्या. त्यामुळे मेधाचा जन्म मस्कतचा, आणि ग्रीन कार्डाची रांग जन्माच्या देशावरून ठरते, त्यामुळे आमची रांग वेगळी आणि छोटी. सासूबाईंच्या माहेरी तेव्हा यावरून मोठं रुसणंफुगणं झालं होतं म्हणतात. सुधाकररावांना ही हकिकत कळल्यापासून ते माझ्या सासूबाईंचं नाव फार आदराने घेत. "दूरदृष्टीची बाई," ते म्हणत.

शपथविधीच्या दिवशी ते आमच्याआधी हॉलबाहेर हजर. हातात पेढे. आमच्या नातेवाइकांनाही इतका आनंद झाला नव्हता. पेढा माझ्या तोंडात कोंबून त्यांनी विचारलं, "मग इंडिया ट्रिप केव्हा प्लॅन करून राहिले?"

"डिसेंबरात," मी म्हणालो. पेढा गिळला आणि पुढचं आपणच सांगून टाकलं, "व्हाया फ्रँकफर्ट."

मग डब्याची तयारी सुरू झाली. परदेशातून दुधातुपाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, हे सुधाकररावांनी वाचून काढलं होतं. नीलाताईंना डिंकाचे लाडू द्यायचे होते.

"तूप चालत नाही," सुधाकरराव म्हणाले.

"लेकीला लाडू, आणि तूप चालत नाही?"

"कायदा आहे."

"जर्मनीला काही पोरीबाळी नाहीत का, बाप्पा?"

शेवटी तेलाच्या मोहनाचे शंकरपाळे आणि चिवडा ठरला. शंकरपाळ्यांची चव घेऊन नीलाताई म्हणाल्या, जर्मनीत बनवल्यासारखे कडक झालेत. डबा देताना सुधाकररावांनी मला विमानतळाचा नकाशा समजावला, कुठून बाहेर पडायचं, कुठे उभं राहायचं. शेवटी मेधाकडे वळून म्हणाले, "तिला जरा नीट बघून या." तेवढं एकच वाक्य त्यांनी नकाशाशिवाय सांगितलं.

फ्रँकफर्टला आम्ही नवे अमेरिकन पासपोर्ट दाखवून बाहेर आलो. सायली गाड्या बदलत एरलांगेनहून आली होती. उंच, केस कापलेले, बापासारखीच भुवई. तिने आधी आम्हाला वाकून नमस्कार केला, मग मेधाला मिठी मारली आणि सोडेचना. आजूबाजूने लोक बॅगा ओढत जात होते. मेधा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग सायली माझ्याही गळ्यात पडली.

डबा तिने तिथेच, बाकावर बसून उघडला. "आईने तूप नाही घातलं, right? बाबांचे rules," ती हसत म्हणाली. "ते अजून everybody ला वोल्फ्सबुर्ग सांगतात?"

"रोज," मी म्हणालो. "पण एरलांगेन मात्र त्यांनी छान निवडलं."

ती शंकरपाळं खाता खाता थांबली. "काका, त्यांना सांगू नका हं. बाबांनी मला तीन cities दिल्या होत्या. मी industry वगैरे काही नाही बघितलं. मी फक्त इथे airport ला यायला train कशी आहे ते बघितलं. म्हटलं, someday कोणीतरी येईल, तर मला पोचता आलं पाहिजे."

मी ते सुधाकररावांना आजतागायत सांगितलेलं नाही.

आम्ही परत आलो त्याच संध्याकाळी दोघं आमच्या घरी आले. मला वाटलं, आता फ्रँकफर्टच्या बँका, उंच इमारती, सगळं विचारतील. मी तयारीही केली होती. पण सुधाकरराव सोफ्याच्या कडेला टेकले. म्हणाले, "फोनवर मानेच्या वरचीच दिसते हो ती. चालते कशी?"

"भराभर," मी म्हणालो.

"बारीक झाली का?"

"नाही. चांगली आहे," मी म्हणालो. मेधा म्हणाली, "मला अशी घट्ट मिठी मारली तिने, सोडेचना."

नीलाताई उठल्या. त्यांनी मेधाला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावर गाल टेकून डोळे मिटले. मेधाला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तीही रडायला लागली.

सुधाकरराव उभे राहून ते पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही?" त्यांनी विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

ते आमच्या आधीच्या पिढीतले, पुरुषाने पुरुषाला मिठी मारायची सवय नसलेले. डोकं कुठल्या बाजूला न्यायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांचा चष्मा माझ्या कानाला लागला. पण त्यांनी मला घट्ट धरलं. ती मिठी माझ्यासाठी नव्हती हे मला कळत होतं, म्हणून ती संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.