टोपीवर उतरलेला थवा

मधमाशी दाखवायला माशी लागत नाही, वाणी लागते, असे काकांचे ठाम मत होते. आणि ती वाणी घरात आपल्याखेरीज कोणाला नाही, हे मत त्याहूनही ठाम. म्हणून पुतणीच्या मधमाशी केंद्रावर शाळेची पहिली सहल येणार म्हणताच माहिती सांगण्याचे काम त्यांनी, कोणी न विचारता, अंगावर घेतले.

पुतणीने अडवले नाही. अनोळखी माणसांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. शाळेच्या बाईंना सहल आवडली, तर त्या दरवर्षी मुले आणणार होत्या. नाहीतर टेकडीवरच्या पेट्या मोडून तिला शहरात नोकरी धरावी लागणार होती. ती गेली तर आपण वाद कोणाशी घालायचा, हा प्रश्न काकांना छळत होता. हे मात्र ते कोणाशीच बोलले नव्हते.

सहलीसाठी त्यांनी रुंद काठाची जुनी टोपी काढली. तिला कुबट वास येत होता. पेट्यांच्या खोलीत गवती चहाच्या वासाच्या तेलाची बाटली सापडली. ते त्यांनी टोपीला सढळ हाताने चोळले. माश्यांचा भटका थवा रिकाम्या पेटीकडे बोलावण्यासाठी पुतणी या तेलाचे एकदोन थेंबच वापरते, हे तिने त्यांना सांगितले होते. पण त्या वेळी काका स्वतः बोलत होते.

मुले झाडाखाली बसली. "मधमाशी हा कीटक नव्हे, तो एक विचार आहे," इथवर काका आले, तोच एका पेटीतून निघालेला थवा घोंघावत आला आणि ओळखीच्या घरी यावे तसा टोपीवर उतरला. पाहता पाहता टोपीला दाढी फुटली आणि ती काकांच्या कानांपर्यंत लोंबू लागली.

"काका, हलू नका," पुतणी म्हणाली. "आणि बोलूही नका."

पहिले पथ्य अवघड होते, दुसरे अमानुष.

एका मुलीने विचारले, आजोबा घाबरलेत का.

"घाबरलेत," पुतणी म्हणाली. "पण या माश्या काही करणार नाहीत. पोटभर मध पिऊन निघाल्यात बिचाऱ्या. आत्ता त्यांना घर नाहीये ना."

आणि ती बोलतच गेली. राणी घोळक्यात कशी दडते, घर हेरायला गेलेल्या माश्या परत येऊन नाचून पत्ता कशा सांगतात, हे सांगताना तिची नजर काकांवरून ढळली नाही. समोर अनोळखी माणसे आहेत, हे ती विसरूनच गेली. काकांना दोन ठिकाणी तिचे म्हणणे खोडून काढावेसे वाटले. मग डोळे भरून आले, आणि ते पुसण्याचीही सोय नव्हती.

शेवटी तिने टोपी अलगद उचलली, रिकाम्या पेटीवर नेऊन एक हिसका दिला. थवा आत पडला. मुले टाळ्या वाजवायचेही विसरली.

बाई पुढे आल्या. दरवर्षी सगळे वर्ग आणीन म्हणाल्या, पण एका अटीवर.

"माहिती ताई सांगतील. काकांनी आजच्यासारखंच मध्ये उभं राहायचं. गप्प."

काकांनी प्रतिवादासाठी तोंड उघडले. शेजारी पुतणी श्वास रोखून उभी होती.

"उभंच राहायचं," ते म्हणाले, "की खुर्ची चालेल?"