येळवशीला एकच धूर

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जायचं नाही, असं आमच्या अप्पांनी ठरवलं आणि त्याला कारण मी. (मी वर्गात हजेरीसुद्धा हळू देते. घरात एकदाच मोठ्यानं बोलले, तर हे झालं.)

लातूर जिल्हा नवा झाला होता. नळाला पाणी नव्हतं, पण साहेब रोज नवा. त्यातच पुण्याहून एक सल्लागार समिती त्याच दिवशी येणार होती, छोट्या धंदेवाल्यांना धूर कमी करायचा सल्ला द्यायला. आमची फुटाण्यांची भट्टी घरामागेच. शेजारच्या उमाबाईंनी तक्रार केलेली, त्यामुळे भट्टी राहणार की बंद होणार, ते समितीच ठरवणार होती. अप्पा म्हणाले, भट्टी विझवून सरळ शेतात जाऊ.

मी म्हणाले, "अप्पा, ते मदत करायला येऊन राहिलेत. पेटती भट्टी बघितल्याबिगर सल्ला कसा देतील?"

अप्पांना पटलं. मायला नाही. "येळवशीला भट्टी पेटवणारा तुमच्या खानदानात पहिलाच निघाला," म्हणत तिनं आंबिलीचं मडकं उचललं आणि बैलगाडीत बसून शेतात गेली. सोबत उमाबाई. (तक्रार वेगळी, येळवस वेगळी.)

वेळ अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रं थांबत नाही. दुष्काळ असला तरी सगळे शेतात जाऊन सतरा भाज्यांची भज्जी खातात, ताकात आंबवलेली आंबील पितात. पण पुण्याच्या कॅलेंडरात हा दिवस लाल नसतो. समिती नेमकी तेव्हाच आली.

जीपमधून तिघे उतरले. अध्यक्ष घामाघूम.

"सगळं शहर फिरलो," ते म्हणाले. "डाळ मिलला धूळ नाही, वीटभट्टीला धूर नाही. संपूर्ण लातुरात धूर फक्त इथं!"

"हाव साहेब," अप्पा अभिमानानं म्हणाले. "खास तुमच्यासाठी पेटवली."

मी दाराआड डोळे मिटून घेतले.

"बाकीच्यांनी किती सुधारणा केली, बघा जरा!"

"सुधारणा न्हाई साहेब. शेतात गेलेत."

"मिल शेतात नेली?"

"न्हाई, मालक गेला."

"आणि बेकरीवाला?"

"त्योबी."

"तुमचे ते मोठे साहेब? ऑफिसला कुलूप होतं."

"त्यांचा शिपाई घेऊन गेला आसंल त्यान्ला."

"अहो, पण सगळे कशाला गेले?"

"जेवायला."

अध्यक्षांनी बाकीच्या दोघांकडं असं बघितलं, जसं आमचे सर गृहपाठ गाईनं खाल्ला म्हणणाऱ्याकडं बघतात. दुसरे साहेब म्हणाले, "धुरावर पाण्याचा फवारा मारा. धूर धुऊन निघतो."

"साहेब, हितं माणसं धुवायला पाणी न्हाई," अप्पा म्हणाले.

"मग बंद करावी लागेल."

गरम वाळूत फुटाणे करपत होते, तरी झारा अप्पांच्या हातात तसाच. मला राहवलं नाही. दाराआडूनच ओरडले, "साहेब, आमच्या शेतात चला! तिथं सगळे दिसतील. जेवायला पण मिळेल."

शेवटचं वाक्य लागू पडलं. सकाळपासून त्यांना एकही हॉटेल उघडं सापडलं नव्हतं.

वाटेत झाडाझाडाखाली लातूर बसलं होतं. मिलवाले हातात बाजरीचा उंडा घेऊन, बेकरीवाले आडवे. अध्यक्षांचं तोंड उघडं ते भज्जी वाढेपर्यंत मिटलं नाही. मायनं आंबील दिली. पुण्याच्या माणसाला आंबील साध्या ताकासारखी वाटते, पण ती डोळ्यांवर झोप आणते. तिघं दोन दोन तांबे प्याले आणि बाभळीखाली घोरू लागले.

उन्हं उतरल्यावर अध्यक्ष उठले. "तक्रार कुणाची?"

"माझी की," उमाबाई म्हणाल्या. "माझ्या वाळत घातलेल्या खारोड्या काळ्या होऊन राहिल्यात. पण बंद करा म्हणून कोण म्हणलं? भट्टीचं नळकांडं वर करा म्हणले मी!"

अप्पांनी एवढा मोठा श्वास सोडला, की बैलानं मान वळवली.

अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. चिमणी उंच करा. शिवाय घरातल्या कुणीतरी रोज पहाटे धूर कुठं जातो ते बघायचं. कोण बघणार?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"हीच," माय म्हणाली. "लई बोलती आता."

तेव्हापासून मी थंडीत, शाळेआधी, मान वर करून अंगणात उभी असते. येणारे जाणारे विचारतात, मी खाली बघते. घरात तर सिंधू हे माझं नाव कुणी घेतच नाही. आतून मायची हाक येते, "समिती, धूर बघून झाला आसंल तर भांडी घास!"