दोनदा परत केलेला खण

"आजी, तुम्ही तर गाडीत बसलाय," टॅक्सी बुकिंगच्या काउंटरवरची मुलगी स्क्रीन बघत फोनवर म्हणाली.

"मी घरात बसलेय," आजी म्हणाल्या. "मांडीवर आजारी मांजर आहे. तुमची गाडी कुठाय?"

गाडी जनावरांच्या डॉक्टरकडे पोहोचली होती, फक्त आजी आणि मांजर सोडून. आत होते दातदुखीने गाल सुजलेले एक गृहस्थ. त्यांना जायचं होतं दातांच्या डॉक्टरकडे, पण वाटेत स्क्रीनवरचा पत्ता बदलला, ड्रायव्हरने स्क्रीनचं ऐकलं आणि गृहस्थांना तोंड उघडता येत नव्हतं. जनावरांचे डॉक्टर स्वभावाने सज्जन. त्यांनी गृहस्थांना नंबर देऊन बाकावर बसवलं.

संध्याकाळपर्यंत अशा तीन भानगडी झाल्या. मग धाकटे मालक ताईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ताई म्हणजे तिथल्या प्रोग्रामिंगच्या प्रमुख.

"ताई, बाबांच्या काळातलं हे सॉफ्टवेअर आता पुरे झालं. सोमवारी नवीन आणतो."

"मास्तरांच्या हातचं आहे हो ते."

"म्हणून तर इतकी वर्षं गप्प होतो."

"उद्या दुपारपर्यंत थांबा. चूक शोधून देते," ताई म्हणाल्या. चूक कुठे आहे याचा त्यांना काडीचाही पत्ता नव्हता.

मास्तर म्हणजे ताईंच्या आधीचे प्रमुख. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच ताईंना सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवली होती. तेव्हा अख्ख्या ऑफिसच्या जुनाट मशीनला जेवढी मेमरी होती, तेवढ्या मेमरीत आज एक फोटोसुद्धा मावत नाही. आणि ही सी कडक सासूसारखी. घेतलेली मेमरी आपण आठवणीने परत करायची, मागून कोणी आवरायला येत नाही. म्हणून मास्तरांनी सुरुवातीलाच मेमरीचे दोनशे खण, म्हणजे कप्पे, तयार करून ठेवले होते. बुकिंग आलं की यादीतला एक रिकामा खण द्यायचा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता त्यात लिहायचा. काउंटर, ड्रायव्हर, सगळे त्याच एका खणात बघून काम करणार. फेरी संपली की खण पुसून परत रिकाम्यांच्या यादीत. "परत करायचा, आणि एकदाच करायचा," मास्तर बजावत. "दोनदा केलास तर यादीत दोनदा चढेल आणि दोन गिऱ्हाइकांना एकच खण मिळेल." ते इतक्या गंभीरपणे सांगत, की त्या काळात ताई कोणाचं पेन परत करतानासुद्धा दचकत. ते दिवस आठवले की ताईंना अजून भरून येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापलेल्या प्रोग्रामच्या कागदांची चळत घेऊन त्या मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तरांनी कागद पलंगावर पसरले आणि त्यांचा चेहरा उजळला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी बिघाड दाखवला नव्हता. लोक नुसती तब्येत विचारायचे.

"एक खण दोघांना जातोय," ते म्हणाले. "म्हणजे कुणीतरी दोनदा परत करतंय. परत घेताना माझी एक तपासणी होती. खण आधीच रिकामा असला तर घ्यायचा नाही. ती कुठं गेली?"

ताई पलंगावरचे कागद उगाच सरळ करू लागल्या. "ती... मी शुक्रवारी काढली. कोडची साफसफाई करत होते. शेजारी नुसतं लिहिलं होतं, 'हे काढू नये.' मला वाटलं, तुमचा आपला जास्तीचा सावधपणा. दोनदा परत कोण करतंय?"

मास्तरांनी कागद चाळले. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. बुकिंग रद्द करण्याचा भाग. त्यात खण परत होत होता, आणि चार ओळी खाली पुन्हा परत होत होता. वर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख होती. नाव ताईंचं. नोकरीचा पहिला आठवडा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी दिसलं."

"मग बोलला का नाहीत? तपासणी लावून बावीस वर्षं सांभाळून घेतलंत मला?"

"बोलायलाच उठलो होतो. तू फोनवर आईला सांगत होतीस, 'आई, माझा कोड चालला.' तिला काय कळलं असेल देव जाणे, पण तू रडत होतीस. मी परत खुर्चीत बसलो."

ताईंनी डोळे पुसले आणि तिथूनच धाकट्या मालकांना फोन लावला. "चूक सापडली. माझीच आहे. बावीस वर्षांपूर्वीची."

पलीकडे धाकट्या मालकांनी हिशेब केला. "बावीस वर्षांपूर्वी मी तिसरीत होतो, ताई. आता रागावू तरी कुठल्या तोंडानं? दुरुस्त होईल ना?"

"आजच."

"मग नवीन कशाला आणायचं? राहू दे."

फोन ठेवल्यावर ताईंना सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या हक्काने मास्तरांवर चिडल्या. "मला नव्हतं सांगायचं तर नसतं सांगितलं. पण त्या तपासणीशेजारी कारण तरी लिहायचं होतं! 'काढू नये' एवढ्यावर कोण ऐकतं?"

मास्तर कागद गोळा करत होते. ते सावकाश म्हणाले, "कारण लिहिलं असतं, तर तू वाचलं असतंस."