मुखवट्याखालचे सासरे

एवारिस्तोसारखा चेहरा अख्ख्या मेक्सिको शहरात कुणी कोरत नाही, असं खुद्द एवारिस्तोचं ठाम मत होतं. खेळण्यातला पैलवान वीतभर का असेना, त्याच्या गालावरची खळी तो सोडायचा नाही. त्याच्या सासऱ्यांचं, कास्तुलोमामांचं मत जरा वेगळं होतं. मामा मंडईत अननस विकायचे. दुपारी लेकीकडे जेवायला यायचे, वाटाण्याएवढ्या डोक्याशी झटणाऱ्या जावयाकडे बघायचे आणि विचारायचे, "ओब्दुलिया, हा मोठा कधी होणार गं?" मामांच्या तोंडून एकदा तरी 'छान' ऐकायला मिळावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

अशात त्याला घुबडाचं काम मिळालं. घुबड म्हणजे निळ्या मुखवट्याचा जुना नामांकित पैलवान. त्याचा चेहरा कधी कुणी पाहिला नव्हता. कुस्ती सोडल्यावर तो कुठल्या गल्लीत राहतो, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. खेळणं अगदी जुन्या धाटणीचं हवं होतं: जाडजूड दंड, आखूड पाय आणि काढता-घालता येणारा कापडी मुखवटा. शरीर एवारिस्तोने जुन्या जाहिरातींवरून बरोब्बर उतरवलं. मुखवट्याखाली बाकीचे कारागीर नुसता गुळगुळीत गोळा ठेवतात. पण याच्या हातून बिनचेहऱ्याचा माणूस? छे! समोर मामा मक्याची रोटी चावत बसले होते. नाकावरच्या चामखिळीसकट त्याने त्यांनाच कोरून टाकलं. म्हणाला, मुखवटा काढून बघतंय कोण!

सगळ्यांनी काढून बघितला.

खेळणं दुकानात आलं आणि मामांना मंडईत चालणं मुश्कील झालं. कुणी हात मिळवतंय, कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवा म्हणतंय. मामांनी कानांवर हात ठेवले. आपण जन्मात अननसाखेरीज कुणाची साल काढली नाही, असं शपथेवर सांगितलं. तिथेच सगळा घोटाळा झाला. मुखवट्याचा खरा पैलवान मरेपर्यंत कबूल करत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मामा जितके नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटत गेली. कोंबड्या विकणाऱ्या तोमासाबाईंनी तर डोळे पुसले आणि डबाभर रस्सा पाठवून दिला.

एवारिस्तो पुरता घाबरला. मामा आता आपल्याला उभं जाळणार! त्याने मंडईत जाऊन खरं काय ते सांगून टाकलं. तोमासाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"सासऱ्याला सांभाळून घेतोयस होय रे? गुणाचा आहेस. पण नमुना घरातच बसलेला असताना चेहरा जमला, त्यात तुझं कसलं आलंय कौतुक?"

खऱ्या घुबडाने कुणाकरवी तरी निरोप धाडला की चालू द्या, शेजारी आता माझ्याकडे संशयाने बघत नाहीत. इकडे मामांचं 'नाही, नाही' हळूहळू पातळ झालं. शिडीवरून पडून त्यांचा गुडघा कधीचाच दुखावला होता. त्याबद्दल कुणी विचारलं, की ते लांब कुठेतरी बघत "जुना मार आहे" म्हणू लागले.

एका दुपारी मामा ते खेळणं घेऊनच घरी आले. एवारिस्तो हात जोडून उभा राहिला. मामांनी मुखवटा काढला, खेळणं खिडकीशी नेलं आणि उलटसुलट करून न्याहाळलं.

"छान," मामा म्हणाले.

एवारिस्तोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"चेहरा नाही जमला तुला," मामा पुढे म्हणाले. "हा कुणीतरी भलताच म्हातारा वाटतो." मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि काडीसारखा दंड वाकवून दाखवला. "पण अंग? अंग अगदी हुबेहूब माझं!"